निळ्या हेल्मेटात अडकलेला जीव

ठाकुर्लीच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. समोर मोठा काळा पडदा, त्यावर टपाटप हिरवी अक्षरं उमटत होती आणि बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. इथे मेलेली माणसं स्वतः टाइप करतात, अशी ख्याती होती.

"इथे चित्र नाही, खिडकी नाही, माउस नाही," बिंदूनाथ महाराज माइकवर सांगत होते. "आत्म्याला रंगीत पडदा सोसत नाही, त्याचे डोळे दिपतात. काळोखातून आलेल्याला काळोखच लागतो."

ज्याला शरीरच नाही त्याचे डोळे दिपतात, हे कोणालाच खटकलं नाही. मला खटकलं, पण मी हसायच्या मनःस्थितीत नव्हते. दोन आठवड्यांपूर्वी याच पडद्यावर माझा भाऊ उमटला होता.

साईनाथ दिवाळीनंतर हृदयविकाराने गेला. आमची आई रखमाबाई रडत इथे आली, आणि पडद्यावर आलं: 'मी साईनाथ. माझा जीव निळ्या हेल्मेटात अडकलाय. माझी बायको घरात आहे तोवर मला मुक्ती नाही.' आई जागच्या जागी कोसळली, कारण साईनाथचं निळं हेल्मेट खरंच होतं. त्या दिवसापासून तिला समीक्षावहिनीच्या हातचं पाणीसुद्धा चालेना.

"रविवारी महाराज शेवटचं विचारणार आहेत," आईने वहिनीला सांगितलं. "साईने हो म्हटलं की तू टिटवाळ्याला माहेरी जा."

वहिनीने त्याच रात्री बॅग भरली. ती बॅग पाहिली आणि माझं डोकं फिरलं. या माणसाला नुसतं उघडं पाडून माझं समाधान होणार नव्हतं. मला त्याचं भर सभेत हसं करायचं होतं.

निळं हेल्मेट पार्किंगमधून चोरीला गेलंय, असं साईनाथने एकदा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते आमच्याच सोफ्यामागे सापडलं, पण ते काही त्याने ग्रुपवर कळवलं नाही. सापडलेल्या हेल्मेटात जीव अडकायचं कारणच नव्हतं; म्हणजे या आत्म्याला ग्रुपवर लिहिलेलं तेवढं ठाऊक होतं, घरात घडलेलं नाही. आणि महाराजांचा शिष्य मितेश आमच्या सोसायटीत नुकताच भाड्याने राहायला आलेला, ग्रुपवरही होता.

ठाण्याच्या एका कंपनीत मी दिवसभर हेच काम करते. लाखो ओळींच्या टेक्स्ट फाइलमधून काळ्या पडद्यावर एक आज्ञा देऊन हव्या त्या ओळी वेचायच्या. त्यामुळे यंत्राला मेलेलं माणूस कसं ओळखू येत असेल, हे मला कळायला वेळ लागला नाही.

आमच्या सोसायटीच्या जागेवर पूर्वी ज्यांची शेती होती आणि जे आता सोसायटीतच राहतात, ते काळुरामदादा त्याच आठवड्यात पंचाहत्तर वर्षांचे झाले. मी त्यांना बेत सांगितला.

"मना मारशील तं नीट मार गो पोरी," ते बोलले. "अर्धवट नको ठेवू."

सत्कारातला त्यांचा हार घातलेला फोटो मी ग्रुपवर टाकला. खाली फक्त 'काळुरामदादा, वय ७५'. मग मीच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. पुढची रांग आपोआप लागली. कोणी फोन करून विचारलं नाही की दादांना झालं तरी काय. दादा आणि त्यांची बायको आवडाबाई कळव्याला लेकीकडे जाऊन राहिले, आणि दाराचं कुलूप पाहून उरलीसुरली शंकाही मिटली.

रविवारी आवडाबाई कोरडे डोळे पुसत पुढे गेल्या. दारात मितेशने त्यांचं नाव आणि पत्ता विचारून घेतलाच होता. महाराजांनी लॅपटॉपवर बोटं फिरवली. पडदा बोलू लागला: 'मी काळुराम. माझा जीव पाण्याच्या मोटारीत अडकलाय. माझी बायको घरात आहे तोवर मला मुक्ती नाही.'

मागच्या रांगेतून आवाज आला. "बायकोला कशाला बाहेर काढता रे? मी त जिता हाय."

काळुरामदादा टोपी सारखी करत पुढे आले. आधी दोन बायका किंचाळल्या, मग हशा उसळला. मितेश लॅपटॉप मिटायला धावला, पण दादांनी त्याचं मनगट धरलं. "ठेव तसाच. पोरीला बघायचाय."

मी माइक घेतला आणि महाराजांच्या लॅपटॉपवरची फाइल पडद्यावर उघडली. आमच्या ग्रुपवरचं सगळं बोलणं तिथे होतं. एक बटण दाबलं की ते साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरतं.

"ही वीस ओळींची स्क्रिप्ट पाहा, म्हणजे यंत्राला लिहून दिलेल्या सूचना," मी म्हटलं. "ज्या नावाखाली श्रद्धांजली जास्त, तो मेलेला. त्याने ग्रुपवर ज्या वस्तूबद्दल लिहिलं, ती गाळलेल्या जागेत भरायची. दादा रोज मोटार बंद करा म्हणून लिहायचे, म्हणून मोटार. बायकोचं वाक्य सगळ्यांना सारखंच, आधीपासून लिहून ठेवलेलं."

मग मी ग्रुपच्या फाइलमध्ये बिंदूनाथांना श्रद्धांजली आणि त्यांच्या नावाने लॅपटॉपची तक्रार अशा चार ओळी घातल्या आणि आज्ञा दिली. पडद्यावर आलं: 'मी बिंदूनाथ. माझा जीव लॅपटॉपात अडकलाय. माझी बायको घरात आहे तोवर मला मुक्ती नाही.' खुर्च्या हलेपर्यंत लोक हसले, आणि मला ते हसू फार गोड लागलं. महाराज मागच्या दाराकडे सरकत होते. मी माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

"म्हणा, समीक्षाचा काही दोष नाही."

"ताई, आपण नंतर बोलू."

"आत्ता. मोठ्याने."

त्यांनी म्हटलं. मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

गर्दी पांगली तरी आई खुर्चीतच होती. "म्हणजे साई काहीच बोलला नाही?"

"नाही आई. गेलेलं माणूस बोलत नाही. त्याच्या नावाने दुसरा कोणी बोलायला लागला की एवढंच विचारायचं, हे याला कुठून कळलं? उत्तर मिळेपर्यंत कोणालाही घराबाहेर काढायचं नाही."

घरी आल्यावर आईने वहिनीची बॅग स्वतः उघडली आणि एकेक कपडा कपाटात परत ठेवू लागली. वहिनी मदतीला गेली नाही. ती दारात उभी राहून शेवटचा कपडा ठेवेपर्यंत पाहत राहिली. मीही आईला मदत केली नाही.