देवाला दिलेल्या तट्ट्या

गव्हाणीच्या देखाव्यात या वर्षी ऊसतोड कामगारांची असते तशी खरी कोपी उभी करायची, ही कल्पना माझी. आमच्या चर्चमध्ये दर नाताळला थर्माकोलचा गोठा असतो आणि त्यावर कापसाचा बर्फ. कोल्हारच्या आसपास बर्फ पडत नाही, हे सांगायला माझी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही; पण तिसऱ्या वर्षीही मी तेच म्हणाले तेव्हा फादर हसले. "मग तूच कर, मारिया."

प्रवरेच्या काठी तिसगावकडची ऊसतोड टोळी उतरली होती. बांबूच्या तट्ट्या वाकवून केलेल्या त्यांच्या कोप्यांची उंची, रुंदी, गाठी, सगळं मी टेप लावून वहीत उतरवलं. मनकर्णामावशी नावाची पन्नाशीची बाई कोयत्याला धार लावत होती. तिला म्हटलं, "मावशी, आमच्या देवाच्या देखाव्याला जुन्या, टाकाऊ तट्ट्या मिळतील का?"

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं बैलगाडीतून चार तट्ट्या आणून टाकल्या.

तेवीस तारखेला दुपारी चर्चमध्ये, देखाव्याला मदत करणारा करण आणि मी कोपीवर दिव्यांच्या माळा लावत होतो. तट्टीला हात टेकला आणि माझी बोटं काळी झाली. जुनी काजळी घट्ट बसलेली असते. ही तेलकट होती, ताजी. बांबूची कापलेली टोकं अजून हिरवट होती. म्हणजे तट्टी याच हंगामातली, आणि परवा-परवापर्यंत कुणाच्या तरी चुलीशेजारी उभी. मग खालच्या फटीत अडकलेली एक गोष्ट दिसली : काळ्या मण्यांची इवलीशी मनगटी. तान्ह्या बाळाची.

"करण, या टाकाऊ नाहीयेत."

"मग चांगलंच की. देखावा टिकेल."

मी स्कूटी काढली.

मनकर्णामावशीच्या कोपीला एक बाजूच नव्हती. तिथं साडी बांधून खाली खताच्या गोण्या खोचल्या होत्या. वाऱ्यानं साडी फुगत होती. आत तिची सून जया बावीस दिवसांच्या मुलीला पोटाशी धरून बसली होती. त्या दिवशी पहाटे आमच्या अंगणातलं थर्मामीटर नऊ अंशांवर होतं. नदीकाठी त्याहून कमीच असणार.

मी मनगटी मावशीच्या हातात दिली. "मावशी, मी जुन्या मागितल्या होत्या."

"देवाला जुनं देतेत व्हय?"

"बाळाला थंडी वाजत असेल."

"वाजती की. चार रात्री झाल्या, रडतीया. पर देवाचं काम हाय. त्योच बघंल."

मी चर्चमध्ये परतून सांगितलं तेव्हा करण शिडीवरूनच ओरडला, "उद्या नाताळची मिस्सा आहे! चार दिवस राबलोय आम्ही. आता बाळ येशूला फरशीवर निजवायचं का? शास्त्रज्ञबाई, तुझा शोध दोन दिवसांनी लागला असता तर काय बिघडलं असतं?"

फादर वेदीवरची फुलं लावत होते. "बाळ किती दिवसांचं आहे?"

"बावीस."

त्यांनी करणच्या हातातली पक्कड घेतली आणि तट्ट्या बांधलेली पहिली तार तोडली.

नदीकाठी आम्ही टेम्पोतून तट्ट्या उतरवायला लागलो तशी मावशी आडवी आली. "न्हाई. देवाला दिल्यालं माघारी घिऊन नातीच्या भवती लावू? पाप कुनाला लागंल?"

मी न्यूमोनियाबद्दल सांगितलं. तान्ह्या बाळाच्या अंगातली उष्णता किती लवकर जाते, तेही सांगितलं. सगळं बरोबर होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. आत मुलगी खोकली.

फादर खाली उसाच्या पाचटावर बसले. "मावशी, हा देव कुठं जन्मला, ठाऊक आहे? आईबाप परगावी गेले होते, सरकारात नाव नोंदवायला. बाईचे दिवस भरलेले. गावात कुणी जागा दिली नाही. शेवटी बाळ गुरांच्या गव्हाणीत निजवलं."

"बाळातीन? गोठ्यात?" मावशीनं हातातला कोयता खाली ठेवला. "येकीनंबी आत घेतलं न्हाई?"

"नाही."

"काय मानसं म्हनायची." तिनं टेम्पोकडं पाहिलं. "आन आता तुमी तट्ट्या काढल्या. म्हंजी त्यो आजबी उघड्यावच?"

फादरांनी मान डोलावली.

"मंग हितं आना त्याला. त्यो आमच्या कोपीत ऱ्हायला तर तट्ट्या त्याच्याच ऱ्हात्याल. मंग मी घेते."

करण कुजबुजला, "फादर, मूर्ती चर्चबाहेर? उद्या गव्हाणी रिकामी दिसेल. लोक विचारतील."

"विचारू देत. सांगू, त्याला जागा मिळाली."

करण टेम्पो घेऊन गेला. तोवर मी तट्टी बांधायला घेतली. गाठीचं चित्र माझ्या वहीत होतं, तरी ती तीनदा सुटली. आतून जया हसली. "ताई, तशी न्हाई. आदी आतून घ्या, मंग पिळा." तसं केलं. गाठ बसली.

करणनं टॉवेलात गुंडाळून मूर्ती आणली. मावशीनं ती तान्हं मूल घेतात तशी घेतली, डोक्याखाली तळवा धरून. "अगं बया, ह्येच्या अंगाव तर कायबी न्हाई!" तिनं मूर्ती जयाच्या कुशीला, गोधडीखाली ठेवली.

शेवटची तट्टी बसली आणि तिथली साडी सोडली, तेव्हा चुलीची ऊब आत राहायला लागली. मुलगी अजून कुरकुरत होती, पण बाहेर आवाज पहिल्यापेक्षा कमी येत होता.

"फादर, चर्चच्या फाटकावर पाटी लावू?" करण आता उत्साहात आला होता. "मिस्सा झाल्यावर सगळे इकडं दर्शनाला येतील. फोटोपण काढतील."

फादरांच्या आधी मावशीच बोलली. "गर्दी नगं रं बाबा. बाळातिनीची खोली हाय ही. यायचंच आसंल तर येकदोन बाया या, हात धुऊन. आन हळू बोला. लेकरं निजत्यात."

मग ती वाकून आत शिरली आणि दाराची गोणी तिनं आतून ओढून घेतली.