गळ्यातली फळी

"ती मुलगी मागं का उभी आहे?" मी विचारलं.

"शिक्षा आहे, बाई. वर्गात स्वाहिली बोलली," मुख्याध्यापक म्बिसे इंग्रजीत म्हणाले. "तुम्ही सुरू करा."

तिच्या गळ्यात सुतळीनं फळी लटकत होती. 'मला इंग्रजी येत नाही.' दुसरं कोणी स्वाहिली बोलताना सापडलं की फळी त्याच्या गळ्यात. आमच्या वेळीही हेच होतं.

अरुशा शहरातल्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं आहे. पदवी नाही, म्हणून मदतनीस. तरी मेरू डोंगराच्या उतारावरच्या शाळांत नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं शास्त्र, शिकवायला मलाच धाडतात. पदवीवाल्यांना इथली धूळ सोसत नाही. या खेपेला हातात एक जागा होती: जुलैच्या सुट्टीत एका विद्यार्थ्याला तीन आठवडे प्रयोगशाळेत न्यायचं.

"आमचा गॉडलिसन तयार आहे," सर म्हणाले. गॉडलिसननं नॅनोची इंग्रजी व्याख्या एका दमात ओकली. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.

त्यानं तीच व्याख्या पुन्हा म्हटली.

मी दोन बाटल्या मांडल्या. एकीत साधं पाणी. दुसरीत चांदीचं मीठ आणि कडुनिंबाच्या पाल्याचा काढा. सकाळपासून उन्हात राहून तिचा रंग चहासारखा झाला होता. लेझरचा लाल किरण साध्या पाण्यातून गेला, दिसलाच नाही. दुसऱ्या बाटलीत मात्र लाल रेघ उमटली. चाळीस माना पुढं झाल्या. तोंड एकाचंही उघडलं नाही.

"विचारा काहीतरी."

मागच्या मुलीचे ओठ हलले. मग तिचा हात फळीवर गेला.

मी मागं गेले, फळी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. "आता मी सापडले," मी स्वाहिलीत म्हटलं. "फळी माझी. तुम्ही बोला."

वर्गाला तोंडच फुटलं. "काय आहे त्यात?" "किती बारीक?"

"चांदीचे कण. एका केसाच्या जाडीत हजारो रांगेनं बसतील. पाण्यातले जंतू मारतात."

"बाई, हे तुमच्या साहेबांना कळवीन मी," सर इंग्रजीत म्हणाले.

"कळवा, सर. इंग्रजीत लिहा, त्यांना आवडतं."

ती मुलगी, एलिनेमा, पुढं आली. "जंतू मारतात ना? मग ते पाणी प्यायल्यावर पोटात कोणाला मारतात?"

"मला माहीत नाही."

"मग कोणाला माहीत आहे?"

"पुरतं अजून कोणालाच नाही. जुलैत ये. बघू."

"तिला परीक्षेत बत्तीस मार्क आहेत!" सर म्हणाले.

"असू देत. असा प्रश्न तिनंच विचारला." मी अर्जावर तिचं नाव घातलं.

सरांनी हात पुढं केला. "फळी."

"नियम तुमचाच आहे, सर. स्वाहिली बोलणारा दुसरा सापडला की देईन. बोला की एक शब्द."

सर आपल्या भाषेतला शब्द गिळून उभे राहिले.

परतताना दलादलात, म्हणजे इथल्या भाड्याच्या मिनीबसमध्ये, दाराशी जागा मिळाली. बाटल्या मांडीवर, फळी गळ्यात. कंडक्टर वाकून वाचायला लागला.

"आई, हे काय गळ्यात?"

"तुझ्या शाळेत नव्हती का?"

त्यानं फळी तळहातावर घेतली, अंगठ्यानं कड चाचपली.

"होती," तो म्हणाला. "आमची याहून जड होती."