गेंड्याचा अंगरखा

रणभूमीवर माणूस उघडा पडतो. पद, प्रतिष्ठा, बँकेतली ठेव, सासरची श्रीमंती, यातलं काही म्हणता काही तिथे कामाला येत नाही. उरतं ते फक्त माणसाचं पाणी. आमची रणभूमी दर रविवारी सकाळी दोन तास भाड्याने मिळते. ती एका शाळेची व्यायामशाळा आहे आणि काळ्या तळव्यांचे बूट घालून आत गेलं तर शिपाई रागावतो.

तिथे आम्ही जुन्या काळच्या सरदारांसारखे लढतो. डोक्याला गजांचं लोखंडी शिरस्त्राण, गळ्याला गळपट्टा, कोपर-गुडघ्यांवर पोलादी वाट्या, आणि या सगळ्याच्या आत रजईसारखा शिवलेला जाड अंगरखा. एका हातात ढाल, दुसऱ्यात तलवार; तलवार वेताची, वरून चिकटपट्टी गुंडाळलेली, टोकाला रबर. सभासद म्हणाल तर एक बेकरीवाला, दोन हिशेबनीस, एक पियानो सुरात लावणारा, असे शांत व्यवसायांतले लोक. पियानोवाल्याइतका निर्दय माणूस मी अजून पाहिलेला नाही.

या सगळ्यांवर नजर ठेवते ती पंचताई. ती एरवी डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. लढाईआधी ती प्रत्येकाच्या शिरस्त्राणाच्या गजांमधून एक लाकडी दांडी घालून बघते. दांडी आत गेली की तो माणूस त्या दिवशी प्रेक्षक. कुणी कुरकुर केली तर म्हणते, "डोळ्यात काय काय जाऊ शकतं ते मी रोज बघते. सांगू?" सांग असं आजवर कुणी म्हणालेलं नाही.

आमच्याकडे एक नियम मात्र असा आहे, की तो ऐकून नवा माणूस हसतो. वार लागला की नाही, हे ज्याला लागला त्यानेच सांगायचं. मारणाऱ्याने नाही, बघणाऱ्याने नाही, पंचताईनेसुद्धा नाही. वार नीट बसला असं वाटलं तर "मान्य!" म्हणायचं आणि मरून पडायचं. गाडी ठोकणारा माणूस खाली उतरतो तो आधी दुसऱ्याची चूक सांगायला, अशा जगात हा नियम टिकलाय, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि तो टिकलाच नसता, मापकाकांमुळे.

मापकाका हे वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. नोकरीत असताना दुकानदाराकडचं पाणीसुद्धा प्यायले नाहीत; स्वतःची बाटली घेऊन जायचे. निवृत्त झाले आणि तपासायला दुकानं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घर तपासायला घेतलं. स्वयंपाकघरातले चमचे एका मापाचे नाहीत, दूधवाल्याने फेस मापात धरलाय, भिंतीवरचं घड्याळ भोळसट आहे, असे अहवाल रोज तोंडी सादर होऊ लागले. काकू टेकीला आल्या. कुठेतरी आमची जाहिरात दिसली आणि त्यांनी काकांना आमच्याकडे पिटाळलं. त्यांना वाटलं, ऐतिहासिक नाटकाची तालीम असेल.

पहिल्या रविवारी काका बरगडीवर बशीएवढा डाग घेऊन घरी गेले. जांभळा, मधोमध पिवळा. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना त्यांनी शर्ट वर करून दाखवला. कित्येक महिन्यांत ते इतके खूश नव्हते. काकूंनीही तो डाग पाहिला. दुसऱ्या दिवशी काका वाचनालयात गेले, तशी काकूंनी अंगरख्याच्या अस्तराची शिवण उसवली, आत जुन्या योगाच्या चटईचा तुकडा सरकवला आणि परत जशीच्या तशी शिवण घातली. काकूंचा हात इतका सफाईदार, की टाका कुठे संपतो ते टाक्यालाही कळू नये.

पुढच्या रविवारचा डाग लहान आला. काकूंना हुरूप आला. मग सोफ्यातला स्पंज गेला, मग हिवाळ्यातल्या जाकिटाच्या पोटातला कापूस, मग नातवाच्या पाळण्याच्या कडेची गादी. हे सगळं काकूंनी आम्हाला नंतर सांगितलं. त्या वेळी आम्हाला दिसत होतं ते एवढंच, की काका मरत नाहीत.

"काका, हा तरी?" बेकरीवाला धापा टाकत विचारायचा.

"कुठला?"

"आत्ताचा! छातीवर बसला तो!"

काका प्रामाणिकपणे आठवून बघायचे. "वारा आला खरा," म्हणायचे.

पंचताई अंगरखा तपासायची, नाही असं नाही. पण नियमात जाडी लिहिलीय ती कमीत कमी. जास्तीत जास्त किती, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना पडलाच नव्हता. स्वतःहून गादी पांघरून लढायला कोण येईल? ताई चिमटीत अंगरखा धरायची, "भरपूर आहे" म्हणायची आणि पुढे जायची.

हिशेबनिसांनी काकांचं नाव गेंडा पाडलं. काकांना ते कौतुक वाटलं. घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "अगं, मला गेंडा म्हणतात."

काकू म्हणाल्या, "दृष्ट लागेल," आणि त्या आठवड्यात आणखी एक थर घातला.

आता लागत नाही म्हटल्यावर समोरचा काय करणार? जोरात मारणार. तरी लागत नाही म्हटल्यावर आणखी जोरात. ज्या वाराला माणूस एरवी दोनदा मेला असता, तो वार काकांना खांद्यावर हात ठेवल्यासारखा वाटायचा. बेकरीवाल्याचं मनगट सुजलं. त्या आठवड्यात आमच्या भागातला पाव बसका निघाला. आणि जोर लावायची सवय लागली की ती माणूस बघून थोडीच लागते? काकांवर काढलेला हात एका हिशेबनिसाने चुकून दुसऱ्या हिशेबनिसावर काढला आणि त्याच्या कोपराची वाटी चेपली. शेवटी एका रविवारी पियानोवाल्याने काकांच्या पाठीवर असा वार घातला, की वेत मधोमध फाटला आणि त्याची ढलपी पंचताईच्या कानाजवळून जाऊन सूचनाफलकात रुतली.

पंचताईने शिट्टी वाजवली. सगळे थांबले. काकाही थांबले आणि म्हणाले, "कुणाचं काय तुटलं?"

ताईने ढलपी उपटून हातात घेतली. "काका, एका माणसाला लागत नाही म्हणून बाकी सगळ्यांना लागायला लागलंय. हे असं चालायचं नाही. पुढच्या रविवारी सगळे मिळून ठरवू, तुम्ही राहायचं की नाही."

"पण मला नाहीच लागलं, तर मान्य कसं म्हणू?" काका म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि चेहऱ्यावरचा गेला. "मी खोटं बोलतोय असं वाटतं तुम्हाला?"

पियानोवाल्याने खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

काका घरी गेले, तलवार कपाटावर टाकली आणि काकूंना म्हणाले, "मला लबाड म्हणतात ते. गेंडा म्हणजे लबाड. इतकी वर्षं काट्याची दांडी कुणासाठी इकडची तिकडे होऊ दिली नाही, आणि आता ऐकायला मिळालं ते हे."

"म्हणेनात का," काकू म्हणाल्या. पण काकांकडे न बघता.

"आणि वय पण झालं माझं. हल्ली अंगरखा घातला की दम लागतो. जड होतो गं तो अंगाला. पूर्वी होत नव्हता. पुरे झालं आता, रविवारी जाऊन निरोप घेऊन येतो."

काका जेवले नाहीत. त्यांनी टेबलावर चमचे ओळीने मांडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि एकही न मोजता उठून गेले. त्यांनी चमचे मोजले असते तर काकूंनी सहन केलं असतं. न मोजता उठलेला नवरा त्यांनी पहिल्यांदा पाहिला.

रविवारी काका आले आणि त्यांच्या मागून, आयुष्यात पहिल्यांदा, काकू. पर्स पोटाशी धरलेली. कोपऱ्यात दोन हिशेबनीस आपापली शिरस्त्राणं चढवत होते, ते बघून काकूंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

काकांनी अंगरखा घडी करून बाकावर ठेवला. घडी नीट होईना. अंगरखा फुगून परत उघडायचा. "मी आपणहून जातोय," ते म्हणाले. "मत घेण्याची गरज नाही. फक्त एक सांगतो. मी खोटं बोललो नाही."

"नाहीच बोलले," काकू म्हणाल्या. "गेंडा मी शिवलाय."

"काय शिवलंय?" पंचताई.

काकूंनी पर्समधून कात्री काढली. पियानोवाला दोन पावलं मागे सरला. काकूंनी बाकावर बसून अंगरखा मांडीवर घेतला, काखेतली शिवण कचाकच कापली आणि हात आत घातला. चटई निघाली. स्पंज निघाला. जाकिटाचा कापूस निघाला. पाळण्याची गादी निघाली, तिच्यावर पिवळी बदकं. सगळ्यात शेवटी गाडीच्या सीटचं कव्हर निघालं, तेव्हा काका पहिल्यांदा बोलले.

"हे हरवलं म्हणून मी गॅरेजवाल्याशी भांडलो."

"माहितीय," काकू म्हणाल्या.

बेकरीवाल्याने मनगट चोळत ढिगाकडे पाहिलं. "म्हणजे इतके दिवस मी सोफ्याला मारत होतो?"

हसू फुटायला एवढं पुरे होतं, पण काका हसत नव्हते. ते ढिगाऱ्यातून एकेक तुकडा उचलून तळहातावर तोलत होते. "अडीच किलो असेल," ते स्वतःशीच म्हणाले. मग काकूंकडे वळले. "जगाच्या मापातली खोट मी नुसत्या हाताने ओळखायचो. आणि माझ्याच अंगावर घातलेलं ओझं मला कळलं नाही? मला वाटलं, वय झालं."

"अहो, वय कसलं, स्पंज झाला," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही तो डाग सगळ्यांना दाखवत सुटलात. मला तो रोज दिसायचा. मला काय माहीत, तुम्ही लबाड ठराल."

काकांनी हातातला तुकडा ढिगावर टाकला. मग एकदम उठले. "काढ सगळं! अस्तरसुद्धा काढ! नुसत्या शर्टावर लढतो!"

"बसा खाली," पंचताई म्हणाली. "नियमाइतकी जाडी राहील. त्याच्या खाली गेलात तर मीच आत सोडणार नाही. काकू, तुम्ही या इकडे."

मग ताईने काकूंना सगळं दाखवलं. अंगरख्याचा मूळ थर चिमटीत धरायला लावला. गळपट्ट्याखाली बोट जातं का बघायला लावलं. तलवारीचं टोक स्वतःच्या हाताने दाबायला दिलं. शिरस्त्राणाच्या गजांवर दांडी टेकवली. दांडी आत गेली नाही. काकूंनी ती ताईच्या हातून घेतली आणि सगळ्या फटींवर परत टेकवून पाहिली. मग बेकरीवाल्याच्या शिरस्त्राणावरही पाहिली.

"माझं कशाला?" तो म्हणाला.

"तुला आई नाही का?" काकू म्हणाल्या.

फाटलेल्या वेताची बाब निघाली, तेव्हा ताईने तिथल्या तिथे दोन गोष्टी ठरवल्या. वेताला बारीकशी चीर दिसली तरी तो बाद. आणि अंगरखा कितीही प्रेमाने शिवलेला असो, त्याला वरचीही मर्यादा.

काकू ढिगाऱ्याशेजारी बाकावर बसल्या. बदकांची गादी त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती. आत काका आणि बेकरीवाला समोरासमोर उभे राहिले. इतके रविवार काका छाती पुढे काढून उभे राहिले होते. आज ढाल हनुवटीपर्यंत आली होती.

"काका, घाबरलात?" बेकरीवाल्याने हळूच विचारलं.

"हो," काका म्हणाले. "तू?"

"मी तर पहिल्या दिवसापासून. बेतानेच मारतो आता, काळजी करू नका."

शिट्टी झाली. आणि मग जे झालं ते बघून आम्ही सगळेच चाट पडलो. काका हलले. म्हणजे खरोखर हलले. बेकरीवाल्याचा पहिला वार हवेत गेला, कारण आजवर जो माणूस सोफ्यासारखा जागेवर सापडायचा, तो तिथे नव्हताच. काका डावीकडे होते. मग उजवीकडे. अडीच किलो उतरवलेला माणूस काय करू शकतो ते त्यांनाही नव्यानेच कळत होतं. मध्येच ते थांबून स्वतःच्या पायांकडे कौतुकाने बघत होते. त्यांनी एक वार घातला, तो बेकरीवाल्याने ढालीवर घेतला. दुसरा खांद्याला चाटून गेला. बाकावरून काकूंचा आवाज आला, "अहो, खाली वाका!" काका वाकले. आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्याबरोबर वाकले आणि वार डोक्यावरून गेला.

पण बेकरीवालाही कच्चा नाही. त्याने ढाल खाली ओढल्यासारखी केली, काका फसले, आणि वार नेमका बरगडीवर बसला. बेताचा, पण स्वच्छ. टप्प असा आवाज आला.

काका जागच्या जागी थांबले. सगळी व्यायामशाळा थांबली. गजांमागे त्यांचे डोळे मोठे झाले होते. ते आत कुठेतरी काहीतरी तपासून घेत होते.

"मान्य!" ते ओरडले. "मान्य! मान्य! अगं, मान्य!"

काकू बाकावरच उठून उभ्या राहिल्या. लग्न झाल्यापासून हा शब्द त्या घरात ऐकायला मिळाला नव्हता.

काकांनी तलवार टाकली, हात पसरले आणि ते पाठीवर आडवे झाले. काय पडले ते! त्यात घाई नव्हती, चिडचिड नव्हती. हिशेबनिसांनी तलवारी ढालींवर वाजवायला सुरुवात केली. पियानोवाल्याने डोळे पुसले आणि घाम आलाय असं सांगितलं. काकू धावत गेल्या, गुडघ्यांवर बसल्या, गजांवर तोंड नेऊन म्हणाल्या, "फार लागलं का हो?"

"नेमकं लागलं," आतून काका म्हणाले. "जेवढं लागायला हवं, तेवढंच." डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं समाधान, की जिवंत माणसाला ते शोभलं नसतं. काकूंनी त्यांचा हातमोजा हातात धरला.

पंचताई वाकून म्हणाली, "काका, जरा भिंतीकडे सरकून मरता का? पुढची जोडी खोळंबलीय."