दुसरी रिंग

तिनं दोन्ही अंगठे रिंगेच्या फटीत रोवले आणि श्वास रोखून ती हलकेच फाकवली. जुनी रिंग जरा अडून बसली, मग पिस्टनच्या खाचेतून सुटून वर आली. तिनं ती वर्तमानपत्रावर ठेवली, फडक्याला बोटं पुसली आणि तिच्याखालच्या दुसऱ्या रिंगेला हात घातला. हा तिसरा पिस्टन. चौथा अजून डिझेलच्या डब्यात भिजत पडला होता.

"फार फाकवू नकोस, मोडेल," टेबलापलीकडून मास्तर म्हणाले.

"मोडू दे की. जुनीच आहे ना?"

"म्हणून काय झालं? आज जुनी मोडलीस की उद्या नवी मोडशील."

मास्तर म्हणजे तिचा नवरा. उभा जन्म शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. गल्लीत, घरात, अगदी सख्ख्या बहिणीच्या तोंडीही ते मास्तरच. काकडीच्या फोडी एकसारख्या झाल्या नाहीत तर त्यांचं जेवणात लक्ष लागत नसे. निवृत्तीनंतर त्यांनी पहिलं काम काढलं ते हे: घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाडीचं इंजिन उतरवायचं, नव्या रिंगा घालून पुन्हा बांधायचं आणि तिचा तो धूर एकदाचा थांबवायचा. तपासणीवाल्यांनी बजावलंच होतं, धूर गेला नाही तर गाडी भंगारात.

ती कपडे शिवायची. कापड हातात आलं की त्याची सुलट बाजू कुठली आणि उलट कुठली, हे तिचे डोळे तिला न विचारताच बघून ठेवत. त्यामुळेच पुसताना तो ठिपका तिला दिसला. मोहरीहूनही बारीक, दुसऱ्या रिंगेच्या एकाच अंगाला. आणि ते अंग पिस्टनवर खालच्या बाजूला होतं. आधीच्या दोन्ही पिस्टनांचंही तसंच होतं. असेल काहीतरी, असं म्हणून तिनं ती रिंग जशी निघाली तशीच आपल्या ओळीत मांडली. बेतलेल्या कापडाचे तुकडेही ती असेच मांडायची.

धुराची गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. मुलगी लहान असताना मास्तरांनी हेच इंजिन पुस्तक समोर ठेवून एकट्यानं बांधलं होतं. सुरू केलं तेव्हा मागून निळसर धूर आला. "नव्या रिंगा आहेत. बसल्या की जाईल," मास्तर म्हणाले होते. "तोवर मात्र गाडी जपून चालवायची." आणि त्याच आठवड्यात, ते शाळेत असताना, तापानं फणफणलेल्या मुलीला झटका आला. तिनं पोर शेजारणीच्या मांडीवर दिली आणि दवाखान्याचा तो लांबलचक चढ दुसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबून, इंजिन किंचाळत असताना पार केला. मुलगी वाचली. धूर मात्र त्यानंतर कधीच गेला नाही.

मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाली असती ती. "जाऊ दे, इंजिनाचं काय एवढं, पोर महत्त्वाची," असं म्हणून त्यांनी तिला माफ करून टाकलं, आणि माफ केलेल्या माणसाला वर तोंड करून बोलता येत नाही. दर रविवारी ते डबा घेऊन इंजिनात तेल ओतत आणि स्वयंपाकघरात तिला तो डबा टेकवल्याचा आवाज ऐकू येई. पुढे पुढे त्याचा विनोद झाला. आईला चावी देऊ नका, गाडीचा बंब करील ती, असं मुलगीही म्हणायला लागली. सगळे हसत, तीही हसे. पण गाडी चालवायची तिला मनापासून हौस होती, आणि त्या दिवसानंतर तिनं कानाला खडा लावला. तेव्हापासून ती पर्स मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर.

बाहेर व्हॅन थांबली. मास्तरांची थोरली बहीण आली होती. यजमान गेल्यावर त्यांचा लेथचा कारखाना ताईंनीच चालवला होता, आणि मशीनच्या वरताण बोलायची सवय असल्यामुळे त्यांचा साधा 'कसे आहात' सुद्धा गल्लीला ऐकू जाई. इंजिनाचा ब्लॉक, ज्यात पिस्टन वरखाली होतात तो सांगाडा, त्यांनी कारखान्यात घासून आणला होता. तिघांनी मिळून तो साखळीनं टेबलावर चढवला.

"काय वहिनी, तुम्हालाही जुंपलं का मास्तरांनी?"

"जुंपलं कसलं, मीच आले. पोरीचं झबलं काय नि हे काय, उसवायचं आणि शिवायचंच."

मास्तरांनी नव्या रिंगांचं पाकीट फोडलं. समोर आख्खा वर्ग बसल्यासारखा त्यांचा आवाज झाला.

"हे बघ. ही पहिली, ही दुसरी, आणि या खालच्या तेलाच्या. दुसरीवर हा ठिपका असतो. ठिपका वर. सगळ्यांत आधी ते बघायचं."

तिचा हात थांबला.

"आणि खाली गेला तर?"

"जाईलच कसा?" मास्तर म्हणाले.

"न जायला काय झालं?" ताई म्हणाल्या. "येतात की माझ्याकडे असली इंजिनं. अहो वहिनी, ही रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल निपटून खाली आणते. उलटी बसली की तेच तेल वर ढकलते. मग ओतत राहा तेल आणि काढत राहा धूर. गाडी हळू चालवा, पळवा, काही फरक पडत नाही. आणि मालक म्हणणार, हल्ली तेलच चांगलं मिळत नाही. नाचता येईना अंगण वाकडं."

ती स्टुलावर बसली. वर्तमानपत्रावर रिंगांच्या तीन ओळी तिच्यासमोर होत्या. म्हणजे आपण नव्हतं बिघडवलं. चढानं नव्हतं बिघडलं, दुसऱ्या गिअरनं नव्हतं, तिच्या पायानं नव्हतं. गाडी घरातून निघाली तेव्हाच ते बिघडलेलं होतं. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं तिला झालं, आणि इतकी वर्षं तो भांड्याबाहेरच होता हेही तेव्हाच कळलं. डोळ्यांत पाणी आलं तसं तिनं डिझेलच्या वासाचं निमित्त करून नाकाला पदर लावला.

आत्ता, ताईंच्या देखत बोलली असती तर एका वाक्यात सगळं फिटलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण समोर मास्तर, चष्मा नाकावर घसरलेला, नव्या रिंगा एकेक करून मांडत होते, फार मन लावून. तिनं डब्यातून चौथा पिस्टन काढला, निथळू दिला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"एवढा एक राहिलाय. माझे अंगठे भरून आले. तुम्ही काढता का?"

ताई पाठ करून सिलिंडरमध्ये नवी रिंग घालून तिची फट मोजत होत्या. मास्तरांनी पहिली रिंग काढली. मग दुसरी काढली, फडक्यानं पुसली, वरच्या अंगानं पाहिली. उलटी केली. पुन्हा सुलटी केली. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला आणि पुन्हा उलटी केली.

मग ते वर्तमानपत्राशी आले. पहिल्या ओळीतली दुसरी रिंग त्यांनी नखानं उचलून पालथी केली. दुसऱ्या ओळीतली केली. तिसऱ्या ओळीतली केली. तिनं मांडलेली वस्तू उलटसुलट होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. ती जुन्या रिंगेच्या टोकानं पिस्टनच्या खाचेतली काजळी खरवडत होती.

"काय रे, गप्पसा झालास?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. काजळी फार आहे."

आता बोलतील, असं तिला वाटलं. ते चौथी ओळ मांडायला लागले. तिला राग यायला हवा होता, पण शोधूनही सापडला नाही. आपलं आपल्याला कळलंय याचंच तिला इतकं हायसं वाटत होतं. थोड्या वेळानं मास्तरांनी नव्या दुसऱ्या रिंगा गोळा केल्या आणि तिच्याकडे सरकवल्या.

"या तू बसव."

"मी? आणि मोडली म्हणजे?"

"नाही मोडणार. तुझं लक्ष असतं."

तिनं चारी बसवल्या, ठिपका वर. मास्तरांनी एकाही पिस्टनला हात लावून बघितलं नाही. त्यांच्या हातून ज्या मुलांना कधी पैकीच्या पैकी गुण मिळाले असतील, त्यांनाच याची किंमत कळावी. मग पट्ट्यानं रिंगा आवळून, हातोडीच्या लाकडी दांड्यानं ठोकत ठोकत, त्यांनी एकेक पिस्टन आत उतरवला, आणि प्रत्येक वेळी तिघांचाही श्वास अडकला आणि सुटला.

इंजिन गाडीत चढलं त्या दिवशी ताई मुद्दाम आल्या. मास्तरांनी चावी फिरवली. मागून थोडा धूर निघाला, नळीतलं जुनं तेल जळाल्याचा, मग तो विरळ होत होत गेला. ताईंनी खिशातला पांढरा रुमाल नळीपुढे धरला, बराच वेळ धरला, आणि पांढराच परत घेतला.

"झकास. आता हिला लाडात ठेवू नका. आजच्या आज चढावर घ्या, चांगला जोर द्या. नव्या रिंगा जोरानंच बसतात. कुरवाळत चालवली तरच वाया जाते."

"पण जपून चालवायची असते ना?" तिनं विचारलं. "पुस्तकात तसंच लिहिलंय म्हणतात हे."

"पुस्तकाला चढ कुठे असतो वहिनी?"

मास्तर इंजिन बंद करून गाडीतून उतरले. रुमालाकडे, रस्त्याकडे, आपल्या बुटांकडे त्यांनी पाहून घेतलं. मग पलीकडून वळसा घालून त्यांनी शेजारचं दार उघडलं आणि टपावरून चावी तिच्यापुढे धरली.

"चल, मुलीकडे जाऊन येऊ. दवाखान्याच्या रस्त्यानं."

"मी चालवू?"

"जोर द्यायचाय म्हणते ताई. मला कुठे येतो जोर देता."

सीट तिच्यासाठी फार मागे होती. ओढली तर हलेना, गंजली होती. दुसऱ्यांदा ओढल्यावर खटकन पुढे आली. पर्स तिनं मास्तरांच्या मांडीवर दिली. पहिल्या वळणाला गिअर थोडा कुरकुरला, दुसऱ्याला नाही. चढाच्या पायथ्याशी तिनं दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. इंजिनानं भरघोस आवाज काढला. आरशात मागचा रस्ता लख्ख दिसत होता, पार तळाच्या दुकानापर्यंत.

मास्तर समोर बघत होते.

"ठिपका खाली होता," ते म्हणाले. "चारी रिंगांचा."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुमच्या आधी पाच मिनिटं."

चढ अर्धा संपला. मांडीवरची पर्स त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"मुलीला मीच सांगतो," ते शेवटी म्हणाले. "तो बंबाचा विनोद आता बंद."

"सांगा. पण जेवणं झाल्यावर सांगा," ती म्हणाली. "नाहीतर तुमचं जेवणात लक्ष लागायचं नाही."

आणि तिनं पाय आणखी थोडा दाबला.