हॅटीच्या नावातला दुसरा टी

लुडी स्टिडमला राग आला की क्रो लिकची माणसं दोरीवरचे कपडे आत घेत. ॲपलाचियाच्या डोंगरांतलं हे खोरं एवढं चिंचोळं, की समोरासमोरच्या दोन घरांनी एकदम दारं उघडली तर दारं एकमेकांत अडकतात. अशा जागी रागाला बाहेर जायला वाट मिळत नाही, तो घुमतो. लुडी जिल्ह्याच्या शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाकीण. एकदा तपासनीस तिच्या मक्याच्या पावाला दगड म्हणाला, तर चारशे पोरांच्या बीन्सच्या पातेल्याला खाली जाळ नसताना उकळी फुटली. त्या दिवशी गॅसवाला येऊन गेला होता, असं तिचा दीर गार्नेट सांगतो. पण तो पडला शेरीफ, जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, त्याचं काय मनावर घ्यायचं!

मुलगी गेल्यावर मात्र लुडीचा राग मुका झाला. अकरा महिने क्रो लिकमधले कपडे बिनघोर वाळले.

हॅटी चोवीस वर्षांची होती. वृद्धाश्रमात म्हातारी माणसं उचलून पलंगावरून खुर्चीत ठेवायची, खुर्चीतून पलंगावर. एकदा अडीच मणाचा आजोबा उचलताना तिची पाठ गेली ती गेलीच. डॉक्टरने चार महिने गोळ्या दिल्या आणि पाचव्या महिन्यात हात वर केले. मग कामावरच्या कुणीतरी एक निळी गोळी दिली. रंग औषधाच्या दुकानातल्या गोळीचा, वरचा आकडाही तोच. हॅटी सावध पोरगी, तिने अर्धीच घेतली. उरलेली अर्धी न्हाणीघरात साबणाच्या वाटीत सापडली. आत फेंटानिल नावाचं जहर होतं, मिठाच्या चार कणांएवढं. तेवढ्यात डोंगर उचलणारी पोरगी गेली.

त्या देशाची रीत अशी, की पोर जिवंत असताना त्याच्या नावाने कुणी साधा नळ बसवत नाही, पण मेलं की लगेच कायदा करतात. आणि नुसतं नाव देऊन भागत नाही. कायद्याला हातभर लांब नाव ठेवायचं, आणि त्यातल्या शब्दांची पहिली अक्षरं जोडली की मेलेल्या पोराचं नाव निघालं पाहिजे. त्यासाठी राजधानीत माणसं पगार घेऊन शब्द शोधत बसतात.

तर सेनेटर डाल्टन प्रूइट एका रविवारी चर्चच्या तळघरात आला. दात असे की त्यांच्या उजेडात बायकांनी सुया ओवाव्यात. लुडीने चीज घालून भाजलेला बटाट्याचा थर त्याने दोनदा वाढून घेतला आणि खिशातून कागद काढला.

"मिसेस स्टिडम, सरहद्दीपलीकडच्या टोळ्यांनी तुमची मुलगी मारली. मी त्यांना सोडणार नाही. हा बघा हॅटीचा कायदा."

कागदावर एकाखाली एक सहा शब्द होते: हॉल्टिंग, ॲबॉलिशिंग, ट्रॅफिकिंग, टेस्टिंग, इंटरडिक्शन, एन्फोर्समेंट. अर्थ लावायला गेलं तर मिक्सरमधून काढल्यासारखे, पण पहिली अक्षरं बरोबर होती. एच, ए, दोन टी, आय, ई.

"हे टेस्टिंग कसलं?" लुडीने विचारलं.

"ते तपशिलातलं आहे हो," प्रूइट म्हणाला. "तुम्ही फक्त नाव द्या."

लुडीने कागदाखाली सही करून नाव दिलं. तिच्यापाशी देण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

मार्चमध्ये सुनावणी लागली. तिने साक्ष द्यावी म्हणून प्रूइटने गाडी पाठवली. लुडीने चर्चचा निळा झगा घातला आणि मांडीवर आपल्या आईने शिवलेली गोधडी घेतली. ती आईही हॅटीच, तिच्यावरूनच पोरीचं नाव ठेवलेलं. सभागृहात आधी प्रार्थना झाली, मग झेंड्याची शपथ झाली, मग वाचक उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"विधेयक क्रमांक एकशे सात. हेटीचा कायदा."

लुडीला वाटलं कान वाजले. वाचकाने पुन्हा म्हटलं, हेटी. तिने समोरचा छापील कागद उचलला. एच, ए, टी, आय, ई. एक टी गायब. त्या एका अक्षरावाचून तिच्या पोरीच्या नावात 'हेट' शिरला होता. ज्या पोरीने कोळीसुद्धा कपात धरून बाहेर सोडला, तिच्या नावात द्वेष!

बाहेरच्या बोळात शीतपेयांच्या दोन यंत्रांमधल्या बाकावर नादिन कॉब बसली होती. तीस वर्षं विधेयकांची भाषा लिहिणारी बाई, डोळ्यांवर चष्मा आणि केसांत दुसरा. लुडीने कागद तिच्या नाकासमोर धरला.

"माझ्या मुलीचा टी कुठाय?"

नादिनने वर बघितलं. "तुम्ही आई का? बसा बाई."

"बसायला नाही आले. टी कुठाय?"

"पडला. टेस्टिंगचं कलम गेलं, म्हणून शब्द गेला. शब्द गेला, म्हणून अक्षर गेलं." नादिनने केसांतला चष्मा काढून पुसला. "गोळी तपासायच्या पट्ट्या असतात. आपल्या राज्यात त्या जवळ ठेवणं गुन्हा, सुईसारखाच. पहिल्या खर्ड्यात त्या मोकळ्या केल्या होत्या. मग तिघं सेनेटर म्हणाले, नशेबाजांचे लाड कशाला पुरवायचे? प्रूइटला त्यांची तीन मतं हवी होती. आता उलटंच झालंय, नशेचं कसलंही साहित्य सापडलं की दुप्पट शिक्षा. टोळ्या तर काही इथे यायच्या नाहीत शिक्षा भोगायला. जो सापडेल तो इथलाच."

"पट्ट्या म्हणजे कशा?" लुडीचा आवाज एकदम बारीक झाला.

"अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या. चंदेरी पुडीत येतात. गोळीचा चुरा पाण्यात घालायचा आणि पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर विष आहे, दोन आल्या तर नाही. चॉकलेटच्या किमतीत मिळतात नदीपलीकडच्या राज्यात."

लुडी बसली. बाक करकरला. गोधडीचा कोपरा तिने एवढा घट्ट धरला की ऐंशी वर्षांची शिवण उसवली.

"काय झालं?" नादिनने विचारलं.

"माझा नंबर कितवा आहे?" लुडी म्हणाली.

आत प्रूइटने भला मोठा नकाशा उभा केला होता. दक्षिणेकडून लाल बाण निघाले होते, वळत वळत थेट त्यांच्या जिल्ह्यापर्यंत. त्याने टोळ्यांना साप म्हटलं, लांडगे म्हटलं, प्लेग म्हटलं. प्राणी संपले तेव्हा त्याने लुडीकडे हात केला. समोर लाकडी खोक्यावर तीन दिवे होते. हिरवा लागला की बोलायचं आणि लाल लागला की थांबायचं. आईला तीन मिनिटं. टोळीलाही बहुधा तेवढीच दिली असती.

"माझ्या मुलीचं नाव हॅटी," लुडी म्हणाली. "हेटी नाही. तिच्या आजीचं नाव आहे ते, या गोधडीत शिवलेलं. बघा, दोन टी. माझी आई चौथीपर्यंत शिकली होती, तिला जमलं. तुम्ही एवढे वकील मिळून एक टी सांभाळू शकला नाहीत?"

"टायपिंगची चूक आहे, मिसेस स्टिडम," प्रूइट हसत म्हणाला.

"टायपिंगची असती तर टाइपरायटरला सोडून दिलं असतं मी. तुम्ही तीन मतांसाठी विकलात तो." सभागृहात कुणीतरी खोकलं. "टोळ्यांना पकडा. अंगठ्याला बांधून टांगा, दोर मी आणते. तुमच्या नकाशात बाण पुष्कळ आहेत, पण एकही माझ्या न्हाणीघरापर्यंत येत नाही. तिथे काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण तिथे मी होते."

पिवळा दिवा लागला.

"मरायच्या नऊ दिवस आधी मी तिचं जॅकेट धुवायला घेतलं. खिशात सहा चंदेरी पुड्या निघाल्या. आमच्या पोस्टात शेरीफने एक चित्र लावलंय, नशेचं साहित्य ओळखा. सुई, चमचा, पट्टी. मी कायदा पाळणारी बाई. साहेब, मी आयुष्यात कधी लाल सिग्नल तोडला नाही, आणि आमच्याकडे तर सिग्नलच नाही. मी त्या सहाच्या सहा चुलीत घातल्या. ती म्हणाली, 'मॉम, त्या मला वाचवायला आहेत गं.' मी म्हणाले, तुला येशू वाचवेल, माझ्या घरात हे चालायचं नाही. नऊ दिवसांनी तिच्या हातात गोळी होती आणि तपासायला काही नव्हतं. म्हणून तिने अर्धी घेतली. तेवढीच सावधगिरी शिल्लक ठेवली होती मी तिला."

लाल दिवा लागला.

"वेळ संपली, मॅडम," अध्यक्ष म्हणाले.

"माझ्या मुलीची संपली. माझी आत्ता सुरू झालीये!" लुडीचा तळहात टेबलावर आदळला. "मी अडाणी होते, मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलंय. तुमच्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि तुम्ही ते वाचून, समजून, हसत हसत खोडलंत. मी माझ्या पोरीच्या सहा पट्ट्या जाळल्या. तुम्ही अख्ख्या राज्याच्या जाळताय, आणि वर तिचं नाव लावताय! टी परत घाला. पट्ट्यांसकट घाला. नाहीतर नाव परत द्या."

तो लाल दिवा तेव्हा फुटला आणि काचा अध्यक्षांच्या पाण्याच्या पेल्यात पडल्या, असं क्रो लिकमध्ये सांगतात. नादिन म्हणते, नुसता तडकला.

समिती दहा मिनिटं उठली. परत आली तेव्हा प्रूइटचे डोळे ओले होते आणि दात कोरडे. "एका आईने आज आपल्याला लाजवलं," तो म्हणाला. "हॅटीला तिचं अक्षर परत मिळालं पाहिजे. सूचना मांडतो."

वाचक उभा राहिला.

"हॉल्टिंग, ॲबॉलिशिंग, ट्रॅफिकिंग, टफ, इंटरडिक्शन, एन्फोर्समेंट. हॅटीचा कायदा."

टफ. टेस्टिंग नव्हे.

टाळ्या पडल्या. सगळे उभे राहिले, ते तीन सेनेटरसुद्धा. भिंतीशी बसलेल्या एकट्या नादिनने हात मांडीखाली घातले.

"नाव परत द्या," लुडी म्हणाली. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. प्रूइटने तिला कवेत घेतलं, आणि कॅमेरे चमकले तेव्हा तिच्या कानात तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "आता नाही देता येत हो. सही केलीये तुम्ही."

विधेयक एकमताने पास झालं. समारंभाला लुडी गेली नाही. गव्हर्नरने सही करताना वापरलेलं पेन मखमली डबीत घालून पोस्टाने घरी आलं. काळं, जाड, सोन्याची कडी असलेलं. तिने ते भिंतीवर टांगलं नाही. शनिवारी ट्रक काढून ती नदीपलीकडे गेली आणि सीटखाली पट्ट्यांची चार खोकी भरून घेऊन आली. कॉफीचा मोठा रिकामा डबा धुतला, पुड्यांनी भरून ओसरीच्या कठड्यावर ठेवला आणि गव्हर्नरच्या पेनने त्यावर वितीएवढा टी काढला. शाई संपेपर्यंत गिरवला.

पहिल्या दिवशी डब्याला कुणी शिवलं नाही. दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमातली एक नर्स मूठभर घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी चर्चमधली ऑर्गन वाजवणारी बाई आली, हवापाण्याचं बोलली, लुडीच्या टोमॅटोंना नावं ठेवली आणि जाताना पर्स उघडीच धरून डब्याला टेकली. आठवड्यात डबा तीनदा भरावा लागला. क्रो लिकमध्ये एकूण माणसं दोनशे दहा.

मग शेरीफची गाडी आली. गार्नेट उतरला, हॅट काढली आणि पायरीवरच उभा राहिला. धिप्पाड माणूस, पण लुडीपुढे तो नेहमी धाकटा दीरच असायचा.

"वहिनी, हे आत घ्या."

"का? दृष्ट लागेल?"

"राजधानीतून फोन आला. मला अटकेचा कागद करावा लागेल."

"मग कर की. मी चपला घालते." तिने दोन्ही मनगटं पुढे केली. "फक्त रीतीने कर. कुठल्या कायद्याखाली धरतोयस ते मोठ्याने म्हण. शेजाऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

समोरच्या घरांची दारं उघडली आणि एकमेकांत अडकून तशीच राहिली. गार्नेटने तोंड उघडलं. हॅटीला याने खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. तिची शवपेटी पुढून उचलणारा हाच होता.

"म्हण ना," लुडी म्हणाली. "तुझ्याच पुतणीचं नाव आहे. दोन टी आहेत त्यात, चुकू नकोस."

"वहिनी, पुरे."

"पुरे? पोस्टात चित्र कुणी लावलं होतं रे, गार्नेट?"

त्याच्या हातातली हॅट चुरगळली. तिला वाटलं होतं हे बोलून बरं वाटेल. नाही वाटलं. चूल तिची होती, काडीही तिचीच.

"ते चित्र मी काल काढलं," तो म्हणाला. "पण कायदा काढता येत नाही मला. उद्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील ते."

"पाठवू देत. तो नाव घेईपर्यंत मी डबा भरत राहीन. जो येईल त्याला नाव घ्यायला लावीन. अख्ख्या राज्याला तोंडपाठ झालं पाहिजे ते."

गार्नेटने डब्यावरच्या टी वरून बोट फिरवलं. त्याचा थोरला खाणीत होता. दोन महिन्यांपूर्वी छताचा दगड त्याच्या खांद्यावर बसला होता, आणि हल्ली तो फार कमी बोलायचा. लुडीला हे माहीत होतं. खोऱ्यात सगळ्यांनाच माहीत होतं.

"त्याची जॅकेटं कोण धुतं रे?" तिने विचारलं. राग होताच आवाजात, पण आता तो गार्नेटवर नव्हता.

"मीच."

लुडीने डबा उचलून त्याच्यापुढे धरला. शेरीफने इकडेतिकडे बघितलं नाही. हात घातला आणि बिल्ल्यामागच्या खिशात चार पुड्या टाकल्या.

"खिसे तपासतोस?"

"रोज."

"काही सापडलं," लुडी म्हणाली, "तर फेकू नकोस."