पाणनजर

टॉर्चचा ठिपका मेलुरच्या उजव्या बाहुलीच्या मधोमध पडला होता. डाव्या डोळ्यात तो कानाच्या बाजूला दीड मिलिमीटर सरकलेला. टॉर्च विझवून पुन्हा लावली. तेवढाच.

माझी ही नात दहा महिन्यांची आहे. पहिले काही महिने तान्ह्यांचे डोळे आपापल्या वाटेने भटकतात, हे गावच्या दवाखान्यात मी बायकांना रोज सांगते. चार महिन्यांनंतरही भटकले, तर मोठ्या इस्पितळात पाठवते. उशीर झाला, तर मेंदू तिरप्या डोळ्याचं ऐकणं हळूहळू सोडून देतो. मेलुरच्या तपासणीच्या वहीत मात्र मी सहाव्या महिन्यात लिहिलं: डोळे ठीक.

त्या दिवशी सुनेने, सुहैलाने, ही चकणी तर नाही ना, असं विचारलं तेव्हा शेजारची काक योह आणि इतर बायका दवाखान्यातच होत्या.

"चकणी काय म्हणतेस गं! पाणनजर आहे ती, आजीची आलीय. याच नजरेसाठी तुझा सासरा दिवसातून तीनदा माझ्या दुकानात मीठ घ्यायला यायचा, ही तिथे बसलेली असायची म्हणून. एवढं मीठ कोण खातं?"

बायका हसल्या. मीही हसले. आमच्याकडे नजर किंचित तिरपी असणं म्हणजे रूप. माझ्या त्या रूपाच्या डोळ्याला लहानपणापासून धुक्याखेरीज काही दिसत नाही, हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. नर्सच्या भरतीत डोळे तपासले, तेव्हा तक्त्यावरची अक्षरं पाठ करून गेले होते.

आता टॉर्च खाली ठेवून मी मेलुरच्या डाव्या डोळ्यावर तळहात धरला. ती केळं चघळत राहिली. उजव्यावर धरला. ती किंचाळली, माझा हात ढकलू लागली; केळं खाली पडलं, आणि ते समोर असूनही ती चटईवर चाचपडत राहिली.

सुहैला स्वयंपाकघरातून आली. "माक, पुन्हा डोळेच बघताय? ठीक आहेत म्हणालात ना?" मेलुरला उचलून ती हसली. "तुमच्यासारखेच तर आहेत. मग मी कशाला घाबरू?"

"माझ्यासारखेच आहेत," मी म्हणाले. "मला डाव्या डोळ्याने दिसत नाही, सुहैला. कधीच दिसलं नाही. हिचंही मला कळलं होतं, तरी वहीत ठीक लिहिलं. उद्या सकाळच्या बसने हिला कोता भारूला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ. त्यांना सगळं मीच सांगेन."