खिडकीखालच्या फेऱ्या

गाडी घेतली ती मावशीसाठी. खरं तर आईसाठी, पण आईला जायचं कुठं, तर मावशीकडे. म्हणजे एकूण एकच. दोघी सख्ख्या बहिणी, राहायच्या एकाच शहरात, आणि वर्षवर्ष तोंड बघणं नाही. आईचे गुडघे कामातून गेलेले, मावशी अंथरुणाला खिळलेली. टॅक्सीवाल्यांना त्या भागाचं नाव सांगितलं की ते मान हलवून काच वर करायचे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला असा पगार तो किती! तरी लेकानं हौसेनं गाडी घेतली. आपलं वाहन असलं की कुणाची मिनतवारी नको, म्हणे. कसलं काय! असून अडचण नि नसून खोळंबा.

मावशी तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. "साऱ्या गावाला वर चढवतोस," मावशी त्याला चिडवायची, "आणि मावशीच्या नशिबी जिनाच." आईला तर एकटीला एक पायरी चढवत नसे. त्यानं कमरेत हात घालून, अर्धी उचलूनच न्यायला हवी.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी मावशीचं स्पष्टच सांगून टाकलं. ज्यांना भेटायचंय त्यांनी भेटून घ्या. मावशीनं फोनवर रडणं-बिडणं काही केलं नाही. एवढंच म्हणाली, "ताई, एकदा येऊन माझे केस विंचरून जा गं. ही सांभाळणारी बाई फार ओढते." लहानपणी धाकटीची वेणी आईच घालायची. आईनं लाकडी कंगवा पर्समध्ये टाकला आणि रविवारी दुपारच्या चहाच्याही आधी तयार होऊन दारात बसली.

रविवारी रस्ते मोकळे असतील, असा त्याचा हिशेब. तोच हिशेब साऱ्या शहरानं केला होता. पुलावर चढले आणि जे अडकले ते अडकलेच. पुढं गाड्या, मागं गाड्या, आणि मधल्या फटीतून स्कूटरवाले आरसे घासत चाललेले. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"शिव्या देऊन पुढची गाडी हलते का रे?" आई मागून म्हणाली.

"हलत नाही. मला बरं वाटतं."

"मग दे बापडा."

मावशीच्या गल्लीत पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. आणि खरं घोडं तिथंच अडलं. गाडी लावायला जागा नाही! एकेरी गल्ली, दोन्ही अंगांना गाड्या नाकाला शेपटी लावून उभ्या, मधे एकच गाडी जाईल एवढी वाट. वर खिडकीत बाईनं मावशीला खुर्चीत आणून बसवलं होतं. आईनं काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

"धाकटे! आलो गं आम्ही!"

वरून एक हात हलला. इतका बारीक झाला होता तो हात! तेवढ्यात मागच्यानं हॉर्न ठोकला आणि गाडी पुढं काढावी लागली. एकेरी रस्ता म्हणजे सबंध वळसा: बाजारावरून, सिग्नलवरून, रुग्णालयाच्या कोपऱ्यावरून पुन्हा गल्लीत. एखादा तरी निघेल की! पण त्या गल्लीत एकदा जागा धरलेला माणूस मेला तरी गाडी हलवत नाही.

दुसऱ्या फेरीला बाई वरून ओरडली, "विचारतायत, वर कधी येणार?"

"जागा मिळाली की लगेच!" तो ओरडला.

तिसऱ्या फेरीला आईनं कंगवा बाहेर काढून उंच धरून दाखवला. मावशीनं आपल्या केसांवरून हात फिरवला. मग बाईला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. बाई वाकली, "त्या म्हणतात, गाडीचा रंग छान आहे!"

आई हसली, आणि हसताहसताच तिनं डोळ्यांना पदर लावला. त्याला आरशातून ते दिसलं. एवढ्या जवळ आणून आपण आईला नुसतं फिरवतोय! पुढच्या फेरीला त्यानं सरळ गल्लीच्या मधोमध गाडी थांबवली. जे होईल ते होवो. उतरला, आईचं दार उघडलं, तिचा एक पाय खाली घेतला. मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ. एकानं येऊन टपावर थापा मारल्या, "बापाचा रस्ता आहे का?"

"माझी मावशी मरतेय वर!" तो किंचाळला.

तेवढ्यात मागून अँब्युलन्सचा भोंगा वाजायला लागला. ती गल्लीत शिरून बसली होती आणि तिची वाट अडवून सगळ्यांत पुढं हाच उभा. आईनं वर खिडकीकडे एकदा पाहिलं, मग स्वतःच दोन्ही हातांनी गुडघा उचलून पाय आत घेतला.

"चल. तिच्यातही कुणाचं तरी माणूस असेल."

त्यानंतर पुन्हा फिरून आले तेव्हा खिडकीत एकटी बाईच होती. "दमल्या त्या. निजवलं," ती म्हणाली.

परतताना तोच बडबडत होता. पुढच्या रविवारी पहाटेच निघू, लांब का होईना, जागा मिळेल तिथं गाडी लावू, तिथून तुला पाठीवर घेऊन येतो, बघच तू. आई हं म्हणाली. कंगवा तिच्या मुठीतच होता.

रविवार कुठला उजाडायला! गुरुवारीच बाईचा फोन आला.

पुन्हा तोच पूल, तीच रांग. पण या वेळी त्याच्या तोंडून एक शिवी निघाली नाही. आता घाई तरी कसली? गल्लीत वळले, तर मावशीच्या खिडकीखाली लांबलचक रस्ता मोकळा. शेजाऱ्यांनी आपापल्या गाड्या काढून तिथं खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, शववाहिकेसाठी आणि घरच्या माणसांसाठी. एकानं लगबगीनं खुर्ची उचलली आणि हात केला, "या, या. घ्या मागं. भरपूर जागा आहे."

गाडी एका झटक्यात बसली. मागं कुणी हॉर्न वाजवला नाही. त्यानं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

आईनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं पर्स उघडून तिनं कंगवा काढला.

"उतरव मला," ती म्हणाली. "तिचे केस विंचरायचेत."